भिंतीच्या पोटातली जागा

घरातली एक भिंत निवडा. शक्यतो तीच, जिच्यात कपाट करून घ्यायचं कधीपासून मनात आहे. टेप, वही, मोबाइलमधली चित्रं दुसऱ्या खोलीत ठेवून या. भिंतीपासून चार हातांवर मांडी घालून बसा. गुडघे दुखत असतील तर खुर्ची घ्या. श्वास त्याच्या चालीनं चालू द्या. कुठे काय ठेवायचं हा विचार येईलच. आला की त्याला म्हणा, थांब जरा.

आधी ही भिंत कशाची आहे ते आठवा. आपलं म्हसावद हे शहादा तालुक्यातलं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. दक्षिणेला शहाद्याची काळी सपाटी, उत्तरेला डोंगर. त्यामुळे या एवढ्याशा पट्ट्यात तीन जातींच्या भिंती नांदतात: सपाटीवरच्या जुन्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या, डोंगराकडच्या पावरा आणि भिल्ल घरांच्या कुडाच्या, आणि आता सगळीकडे उठलेल्या विटा-सिमेंटच्या.

मातीची भिंत मनात आणा. धाब्याचं मातीचं छत पेलायचं म्हणून ती दीड-दोन फूट जाड. त्या जाडीत देवळी. डोळे मिटून हात देवळीत घाला. बोटांना आधी कड लागते, सारवून सारवून आणि हात लागून लागून गोलसर झालेली. मग हात मनगटापर्यंत आत जातो आणि गारवा जाणवतो. वर काजळी. आत दिवा, काड्यापेटी, चुन्याची डबी, आजीचा चष्मा. देवळी कधी फार रुंद नसायची. वरची माती तोलायला एक लाकडाची फळी, नाहीतर छोटी कमान. तिला जेवढं पेलेल तेवढंच तोंड. भिंतीला झेपेल तेवढंच तिच्याकडे मागायचं, हा त्या कारागिराचा हिशेब मला फार मोलाचा वाटतो. हात अजून थोडा वेळ तिथेच राहू द्या.

घराच्या अंगातच जागा करून ठेवायची ही ओढ फार जुनी आहे. अजिंठ्याच्या १२ क्रमांकाच्या लेण्यात भिक्षूंच्या खोल्यांतले झोपायचे ओटे उशीच्या उंचवट्यासकट दगडात कोरलेले आहेत. स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांवर, स्कारा ब्रे ही सुमारे ५००० वर्षांपूर्वीची वस्ती १८५० सालच्या वादळानं वाळूखालून उघडी पडली. तिथल्या घरांत दगडी फळ्यांच्या मांडण्या आजही उभ्या आहेत, दारातून आत आलं की समोरच दिसतील अशा. ज्यांनी त्या रचल्या, त्यांना तिथून हलायचं नव्हतं.

तुम्हाला इथे राहायचं आहे का? हा प्रश्न स्वतःला विचारा आणि उत्तराची घाई करू नका.

आता दुसरी भिंत. चिरलेल्या बांबूचा कूड, त्यावर माती-शेणाचा लेप. कोरायला तिच्यात जाडीच नसते. म्हणून तिथे सामान टांगलेलं असतं किंवा उभं असतं: शिंकं, वाशाला अडकवलेला वाळलेला भोपळा, शेणानं लिंपलेली धान्याची कणगी. असं घर उकलून दुसरीकडे उभं करता येतं, आणि या जिल्ह्यात अनेकांना ते करावं लागलं. सरदार सरोवराच्या पाण्याची झळ महाराष्ट्रातल्या अक्कलकुवा-अक्राणी भागातल्या ३३ गावांना बसली. तिथली पुष्कळ कुटुंबं तळोदा आणि शहादा तालुक्यांत वसवली गेली. त्यांचा विचार मनात येऊ द्या. नव्या घरात अंधारात काड्यापेटी शोधणारा हात डोळ्यांपुढे आणा. तो हात जुन्या जागेकडे वळतो, आणि तिथे काही नसतं.

अशा घरात कागद कुठे ठेवतात? जातीचा दाखला, रेशनकार्ड, पोराची गुणपत्रिका, वनहक्काच्या दाव्याची पोच. बहुधा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत, नाहीतर वाशाच्या सांध्यात खोचून. पावसाळ्यात त्यांना ओल लागते, उधई लागते. २००६ च्या वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन ताब्यात असल्याचं दाखवावं लागतं. दंडाची जुनी पावती, पिवळा पडलेला एखादा पंचनामा, त्या कपट्यावर शेत अवलंबून असतं. घरात एकच कपाट होणार असेल तर ते या कागदांसाठी व्हावं, असं मला मनापासून वाटतं. पाऊस झोडपतो ती पश्चिमेची भिंत सोडून आतल्या कोरड्या भिंतीवर, छातीच्या उंचीला, दार आणि कडी असलेलं. तुमच्या घरातले असे कागद आत्ता नेमके कुठे आहेत? डोळे मिटलेलेच ठेवून मनानं तिथवर जा. सापडले का?

तिसरी भिंत तुमच्यासमोर असेल. विटांची बाहेरची भिंत बहुधा ९ इंची, आतली साडेचार. ९ इंचात कोनाडा खोदला तर मागे साडेचारच उरतात, आणि छताचा भार त्याच भिंतीवर असेल तर तिला असं कोरणं धोक्याचं. म्हणून आता कपाट भिंतीच्या पोटातून बाहेर आलं: कडप्प्याच्या फळ्या, प्लायवूड, हॉलमधलं शोकेस. १८ मिलिमीटर प्लायची एक फळी मनात धरा, दोन टोकांना टेकलेली. तिच्यावर पुस्तकं ठेवत जा. पुस्तकांच्या फूटभर रांगेचं वजन दहा किलोच्या आसपास भरतं. तीच फळी दुप्पट लांब केली आणि तशीच गच्च भरली, तर तिचा झोल सोळापट होतो. अडीच-तीन फुटांवर उभा आधार लागतो तो यासाठी. ते वजन क्षणभर आपल्या खांद्यांवर घेऊन बघा.

खोल कपाटाचा मोह सोडून द्या. पुस्तकांना ९-१० इंच पुरतात, डब्यांना फूटभर. पावणेदोन-दोन फूट लागतात ते गोधड्यांना. त्याहून खोल गेलं की मागचा डबा दिसेनासा होतो आणि उन्हाळ्यात घातलेले बिबडे दिवाळीला हाती लागतात.

आता माणसं आठवा, एकेक करून. आजीचा हात खांद्याच्या वर जात नाही. तिची औषधं आणि माळ त्याखालीच हवी. पहिलीतल्या नातीचं दप्तर तिला स्वतः ठेवता यावं, म्हणजे गुडघ्याच्या थोडं वर. ऊसतोडीला गुजरातेत गेलेला भाऊ होळीला घरी येईल. त्याची पिशवी दरवर्षी खाटेखाली सरकवली जाते. त्याला एक फळी द्या, आणि तो नसताना तिच्यावर दुसरं काही ठेवू नका.

डोळे उघडा. खडू घ्या आणि भिंतीवर कपाटाची चौकट आखा. प्रत्येकाला भिंतीशी उभं करून त्याच्या हाताच्या उंचीवर रेघ मारा. भावाची रेघ तो आल्यावर. लाइटच्या बोर्डाची वायर आणि नळाचा पाइप भिंतीतून कुठून गेले आहेत, तेही आखून ठेवा. मिस्त्रीला होळीनंतर बोलवा.