उद्या भाजी कोणती?

थंडी पडली की अलिबाग, पेण, रोहा या पट्ट्यात पोपटीचे बेत सुरू होतात. बांधावरून भांबुर्ड्याचा पाला आणायचा आणि मातीच्या मडक्याच्या तळाशी दाबून बसवायचा. त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. मध्ये बटाटे, अंडी, कुणी मसाला लावलेले कोंबडीचे तुकडे केळीच्या पानात गुंडाळून ठेवतं. वर पुन्हा शेंगा आणि तोंडाशी पाल्याचा घट्ट बोळा. मग मडकं पालथं घालायचं, भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचायच्या आणि जाळ लावायचा. आत पाण्याचा थेंब घालायचा नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावर सगळं शिजतं. झालं की नाही ते उघडून बघता येत नाही, म्हणून कुणी जाणता मुलगा पालथ्या मडक्याच्या बुडावर चार थेंब शिंपडतो. चर्र होऊन ते लगेच उडाले की जाळ बाजूला ओढायचा.

पंधरा-सोळा वर्षांची पोरं हे सगळं जमवून आणतात. माणसं किती, शेंगा किती लागतील, मडकं केवढं हवं, जे मांसाहार करत नाहीत त्यांचं मडकं वेगळं लावायचं का, पेंढा कुणाच्या खळ्यावरून मिळेल, अंधार पडायच्या आत पाला कोण आणणार, सगळ्याचा विचार झालेला असतो. त्यासाठी कुठला वर्ग नाही, पुस्तक नाही. आदल्या वर्षी थोरल्यांच्या शेजारी उभं राहून बघितलेलं असतं, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी यांतली बहुतेक मुलं घरी पानावर बसतात आणि भाकरी येईपर्यंत वाट बघतात. वीस जणांचं जेवण उघड्यावर रांधणाऱ्या हातांना घरातला मिठाचा डबा कुठे असतो ते ठाऊक नसतं. यात त्या मुलांचा दोष फार थोडा आहे. बाहेरचं रांधणं हा पराक्रम आणि घरचं रांधणं हे आईचं काम, अशी वाटणी त्यांच्या जन्माआधीच झालेली आहे. मुलांना स्वयंपाक शिकवावा असं आता बहुतेक सुशिक्षित घरांत म्हटलं जातं. पण ही वाटणी तशीच ठेवून शिकवलं, तर मुलगा दोन-चार पदार्थ शिकेल आणि घर होतं तिथेच राहील.

रांधणं पुरुषाला कमीपणाचं आहे, असं आपल्या परंपरेने कधीच मानलं नाही. विराटाच्या घरी भीम बल्लव होऊन राहिला तो मुदपाकखान्यातच. लग्नाच्या पंगतीचे आचारी पुरुष, मठ-मंदिरांतल्या भटारखान्यांत पुरुष, मोठ्या हॉटेलांचे नावाजलेले शेफ पुरुष. जिथे मोबदला आहे, मान आहे किंवा निदान चारचौघांची वाहवा आहे, तिथे पुरुष चुलीपाशी उभा राहत आला आहे. बाईकडे राहिलं ते रोजचं, बिनपगारी, आणि आज संपलं तरी उद्या पुन्हा समोर येणारं. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीत घरातली बिनमोबदल्याची कामं करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, असं आढळलं. अशी कामं करणाऱ्या पुरुषांची मिनिटं होती ८८.

या २८९ मिनिटांतही एक गोष्ट पुरती पकडली गेलेली नाही. रात्री ओटा पुसून दिवा मालवताना घरातल्या बाईच्या मनात प्रश्न असतो, उद्या भाजी कोणती? बुधवारी मटकीची उसळ हवी तर सोमवारी रात्रीच मटकी भिजत घालायला हवी, मंगळवारी उपसून फडक्यात बांधायला हवी. विरजण लावलं का? डाळीचा डबा महिनाअखेरपर्यंत पुरेल का? सासऱ्यांना तिखट चालत नाही, धाकटीला वांगं नको, गुरुवारी एकाचा उपास. गॅसचा नंबर लावायचा राहिला आहे. हे हिशेब तिने कधी कागदावर मांडलेले नसतात, म्हणून घरातल्या कुणाला ते दिसत नाहीत. पोळी लाटायला शिकवणं त्यामानाने सोपं आहे. घरातला दुसरा माणूस काय खाईल, किती खाईल, त्याला काय बाधेल याचा विचार आदल्या रात्री आपण होऊन करणं अवघड आहे, आणि मुलांना शिकवायचं ते हेच.

उघड्यावरचा स्वयंपाक या शिक्षणाची उत्तम सुरुवात ठरू शकतो, कारण तिथे चुकीचं फळ लगेच मिळतं. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या ब्राउन्सी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं. काही मुलं बड्या घरची, काही कामगारांची. त्यांची चार पथकं केली. रोज रात्री एक पथक पीठ, बटाटे, मांस, चहा असा शिधा, भांडं आणि काड्यापेटी घेऊन ठरवून दिलेल्या जागी जाई, चूल पेटवून आपलं आपण रांधून खाई. स्काउट चळवळीचा उगम या शिबिरात आहे. आपल्याकडच्या स्काउट-गाइड मेळाव्यांत आजही बिनभांड्याचा स्वयंपाक असतो. निखाऱ्यात बटाटे-कांदे भाजायचे, पानात गुंडाळून कणकेचे गोळे शेकायचे, आणि ते शिक्षकांना प्रेमाने खायला घालायचे.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांची खिचडीही अशीच गुरू आहे. हरिश्चंद्रगडाची उंची साधारण १४२४ मीटर. तेवढ्या उंचीवर पाणी १०० ऐवजी ९५ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि इंधन मात्र संपतं. म्हणून अनुभवी माणूस वर मुगाची डाळ नेतो आणि पोचल्याबरोबर भिजत घालतो. दहा जणांना किलोभर तांदूळ, अर्धा किलो डाळ, शिजवायला सहा-सात लिटर पाणी. ते पाणी टाक्यातून कोण आणणार हे आधी ठरलेलं बरं. ओल्या नारळाची चटणी उन्हात दुपारपर्यंत आंबते, शेंगदाण्याची कोरडी चटणी आठवडाभर टिकते. दुधात भिजवलेल्या दशम्या प्रवासाला का करतात, ते पाठीवर ओझं घेऊन चढणाऱ्या मुलाला न सांगता कळतं. अभयारण्यात लाकूडफाटा तोडायचा नाही, म्हणून स्टोव्ह पाठीवर न्यायचा आणि कचरा परत खाली आणायचा, हेही त्या खिचडीच्या बेतातच येतं. पदार्थविज्ञान, हिशेब, आरोग्य आणि दुसऱ्याच्या भुकेची काळजी, सगळं एका पातेल्यात.

अडचण गड उतरल्यावर येते. डोंगरावर खिचडी करणाऱ्याला मित्र डोक्यावर घेतात. घरी मंगळवारच्या खिचडीचं कौतुक कुणी करत नाही. मीठ जास्त झालं तर तेवढं बोललं जातं. गडावरचं जेवण एका रात्रीचं असतं, घरचं रोजचं. ज्या कामाला टाळ्या नाहीत ते मुलगा आपण होऊन उचलेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. ते त्याच्या वाट्याला रीतसर द्यावं लागेल.

असं रीतसर देण्याचा एक सुंदर प्रयोग जपानमध्ये झाला. कागावा प्रांतातल्या ताकिनोमिया प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक काझुओ ताकेशिता यांनी २००१ साली ‘बेंतोचा दिवस’ सुरू केला. बेंतो म्हणजे जेवणाचा डबा. एरवी मुलं शाळेत शिजवलेलं जेवतात; या दिवशी डबा घरून आणायचा आणि तो स्वतः करायचा. बेत ठरवणं, बाजारातून जिन्नस आणणं, रांधणं, डबा भरणं आणि मागची भांडी घासणं, सगळं मुलानेच. नियम तीन होते. पालकांनी अजिबात मदत करायची नाही. उपक्रम फक्त पाचवी-सहावीच्या मुलांसाठी. आणि तो ऑक्टोबर ते फेब्रुवारी, महिन्यातून एकदा, म्हणजे वर्षात पाच वेळा, कारण आधीच्या सत्रात या मुलांना गृहशास्त्राच्या तासाला चाकू कसा धरायचा, भात कसा लावायचा हे शिकवलेलं असे. आईबाप घाबरले, सुरी, आग, लहान मुलं. त्याची जबाबदारी माझी, असं ताकेशितांनी सांगितलं. पुढे हा दिवस जपानभरच्या अनेक शाळांनी उचलला.

पालकांनी मदत करायची नाही, या पहिल्या नियमात मोठं शहाणपण आहे. मदतीला मुभा दिली असती तर ज्याच्या घरी हौशी आई आहे त्याचा डबा सजून आला असता, आणि जिची आई पहाटे कामाला जाते तिने ओशाळून झाकण उघडलं असतं. कुणीच मदत करायची नाही म्हटल्यावर दोघांच्या डब्यात सारखंच कच्चंपक्कं आलं. दुसरं, मुलगे आणि मुली दोघांना नियम एकच होता.

महाराष्ट्रात या वाटेवर काम झालेलंच नाही असं नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि त्यातून गांधीजींची नयी तालीम ही शिक्षणपद्धती उभी राहिली. सेवाग्रामच्या शाळेत स्वयंपाकघर हाही एक वर्गच होता. मुलं पाळीपाळीने धान्य निवडत, रांधत, वाढत, खर्चाचा हिशेब ठेवत. त्याची मुळं दक्षिण आफ्रिकेत, १९१० साली सुरू झालेल्या टॉलस्टॉय फार्मवर होती. तिथे नोकर नव्हते. स्वयंपाकापासून मैला साफ करण्यापर्यंत सगळं राहणाऱ्यांनीच करायचं, आणि जे काम शिक्षक करत नाहीत ते मुलांना सांगायचं नाही, असा दंडक गांधीजींनी घातला होता. घरात स्वयंपाकघराचा उंबरा न ओलांडणाऱ्या प्रत्येक बापाने हा दंडक वाचावा. आठवड्यातून एकदा तरी बाप कुकर लावताना दिसला नाही, तर मुलाला दिलेला धडा त्या घरात कुणी खरा मानणार नाही.

पाबळचं उदाहरण अधिक जवळचं. डॉ. श्रीनाथ कलबाग मूळचे अन्नतंत्रज्ञ. अमेरिकेतून डॉक्टरेट, मग म्हैसूरची केंद्रीय अन्न-तंत्रज्ञान संस्था, मग हिंदुस्थान लीव्हरची संशोधनशाळा. ते सगळं सोडून १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी त्यांनी विज्ञान आश्रम काढला. तिथून निघालेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. त्यात चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. निवड करायची नाही, चारही सगळ्यांना. मुली वेल्डिंग करतात, मुलगे चिक्की करतात आणि शंभर ग्रॅमला खर्च किती आला ते मांडतात. एका अन्नशास्त्रज्ञाने गावातल्या पोरांसाठी चूल आणि भट्टी एकाच पाठात बसवली, याची जेवढी दखल घ्यायला हवी होती तेवढी शहरी शाळांनी घेतली नाही.

मुलींचाही विचार इथे करायला हवा. त्यांना स्वयंपाक शिकवला जातो, पण तो सासरच्या तयारीसाठी, आणि घराच्या चार भिंतींत. जाळ पेटवणं, पथकाचा बेत ठरवणं, रात्री उशिरापर्यंत शेकोटीभोवती बसून मडकं फोडणं, हा मोकळेपणा त्यांना क्वचित मिळतो. मुलाला रोजच्या ओट्यापाशी आणायचं असेल तर मुलीला पोपटीच्या जाळापाशी न्यायला हवं, तेही पाला वेचायला किंवा वाढायला नव्हे, बेत ठरवायला.

यावर पालक म्हणतात, अभ्यासाचं काय? शनिवारी दोन तास गेल्याने कुणाची दहावी बुडत नाही. भाजण्या-कापण्याची भीती मात्र खरी आहे आणि तिचा मान राखायला हवा. दहा वर्षांखालच्या मुलांनी जाळाजवळ जाऊ नये. त्यांना शेंगा सोलणं, डाळ निवडणं, काकडी कोचवणं, कोण किती खाईल ते विचारून लिहिणं भरपूर आहे. मोठ्यांना सैल ओढणी न घालता, कोरड्या फडक्याने, हँडल आत वळवून भांडं कसं ठेवायचं ते आधी दाखवावं. उरलेला भात तासन् तास बाहेर ठेवून सकाळी फोडणीला टाकला तर पोट का बिघडू शकतं, हेही त्यांना सांगावं. भात उकळला तरी त्यात तगून राहणारे जिवाणू असतात, आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही.

शाळांच्या हाती तर तयार सामग्री आहे. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी ठरलेली आहे. पाचवीच्या मुलांनी एकदा पटावरून आपल्या शाळेचा शिधा काढावा, त्यात तूट आली तर भाजी कुठली परवडेल ते शोधावं, आणि शिजवणाऱ्या ताईंना विचारावं की भात करपू नये म्हणून त्या काय करतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना सुचवले आहेत. त्यातले दोन दिवस एका जेवणाला द्यावेत, एक बेत आणि बाजारहाटासाठी, दुसरा रांधण्यासाठी आणि भांडी घासण्यासाठी.

घरी सुरुवात याहून साधी. आठवड्यातला एक वार मुलाच्या नावावर लिहून टाकायचा. आदल्या रात्री त्याने सगळ्यांना विचारायचं, फ्रिज आणि डबे बघायचे, दीडशे-दोनशे रुपये घेऊन मंडईत जायचं आणि उरलेले पैसे परत आणायचे. त्या वारी आईने स्वयंपाकघरात यायचं नाही, वरण पातळ झालं तरी नाही. जेवण उरलं तर पुढच्या खेपेला तांदूळ किती घ्यायचा ते त्यानेच वहीत लिहावं. परीक्षा आहे, क्लास आहे, मित्राचा वाढदिवस आहे, अशी कारणं दुसऱ्याच महिन्यात येतील. तेव्हा वार रद्द करायचा नाही, बदलून घ्यायचा, आणि कुणाशी बदलायचा ते ठरवण्याचं कामही त्याच्याकडेच ठेवायचं.