हुकलेल्या वेळेचा हिशेब

मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या रविवारी होते. दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या रेल्वे स्टेशनांवर पुलाचा जिना कठड्याला धरून उतरणारे चार-दोन प्रवासी हमखास दिसतात. मांड्या भरून आलेल्या असतात, पायाच्या नखाखाली रक्त साकळलेलं असतं, तरी नेहमीची लोकल चुकवता येत नाही. डब्यातला रोजचा ग्रुप विचारतो, "कितवा आलास?" धावणारे मित्र विचारतात, "टायमिंग किती आलं?" ज्याचं मनासारखं झालं, तो कल्याण येईपर्यंत सगळी शर्यत सांगून मोकळा होतो. ज्याचं बिनसलं, तो "झाली पूर्ण" एवढंच म्हणतो आणि विषय बदलतो. आजचं चिंतन या दुसऱ्या माणसासाठी आहे.

त्याचं दुःख खरं आहे, आणि ते कुणी हलक्यात घेऊ नये. ४२.१९५ किलोमीटर धावण्यासाठी निदान चार महिने तयारी करावी लागते. आपल्या पट्ट्यात तर ती फारच कष्टाने होते. सकाळची लोकल पकडायची म्हणजे त्याआधी धावणं उरकायला हवं, म्हणजे उठायचं साडेतीन-चारला. पावसाळ्यात रस्त्याचे खड्डे पाण्याखाली जातात, उन्हाळ्यात बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. कारखान्यात पाळी असेल तर आठवड्याचं वेळापत्रकच कोलमडतं. एवढं करून शर्यतीच्या दिवशी पहाटे पाचच्या सुमाराला सीएसएमटीसमोर उभं राहायचं, तर घरातून रात्रीच निघावं लागतं. झोप झालेली नसते. चार महिन्यांच्या अशा पहाटा एका आकड्यात जमा होतात आणि तो आकडा मनासारखा येत नाही, तेव्हा आतून काहीतरी तुटतं.

अशा वेळी दोन वाटा लगेच समोर येतात. एक, दोष बाहेर टाकण्याची: दमटपणा फार होता, गर्दी फार होती, नशीब नव्हतं. दुसरी, सगळा दोष स्वतःवर घेण्याची: हे आपल्याला जमणारच नाही, आपण यासाठी नाहीच. दोन्ही वाटांवर एक सोय आहे, निकालाकडे पुन्हा बघावं लागत नाही. मला तिसरी वाट सुचवायची आहे. निकाल स्वीकारावा, आणि मग शांतपणे बसून त्याची फोड करावी.

माझ्या ओळखीचा एक तरुण अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळीवर काम करतो. साडेचार तासांत मॅरेथॉन पुरी करायची, असं त्याने ठरवलं होतं. लागले ४ तास ५७ मिनिटं. आठवडाभर तो कुणाशी धड बोलला नाही. मग एका संध्याकाळी त्याने मोबाइलवर आपला निकाल उघडून दाखवला. धावपटूच्या छातीवरच्या बिबला चिप असते आणि वाटेत ठिकठिकाणी अंथरलेल्या मॅटवरून जाताना तिची वेळ नोंदली जाते. त्यामुळे निकालात शेवटच्या आकड्याबरोबर प्रत्येक टप्प्याचीही वेळ मिळते. आम्ही कागद घेतला. साडेचार तासांसाठी दर किलोमीटरला सुमारे ६ मिनिटं २४ सेकंदांचा वेग हवा होता. याने पहिलं अर्धं अंतर २ तास ५ मिनिटांत मारलं होतं, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ५५ सेकंद. उरलेल्या अर्ध्याला २ तास ५२ मिनिटं लागली. पूर्वार्धात ठरल्यापेक्षा दहा मिनिटं कमावली आणि उत्तरार्धात सदतीस गमावली. कागदावर हे उतरलं तेव्हा त्याचा चेहरा बदलला. आठवडाभर तो ज्याला आपली लायकी समजत होता, तो खरं तर सुरुवातीच्या तासा-दोन तासांतल्या घाईचा निकाल होता.

या घाईची शिक्षा शरीर फार नियमाने देतं. धावताना दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलो वजनामागे, साधारण एक कॅलरी खर्च होते. पासष्ट किलोच्या माणसाला तीस किलोमीटरसाठी जवळजवळ १,९५० कॅलरी लागतात. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर सुमारे दोन हजार कॅलरींची असते. चरबीतूनही ऊर्जा मिळते, पण वेग वाढवला की शरीर चरबी सोडून साखरच जास्त जाळतं. म्हणून सुरुवातीला ताज्या पायांनी, टाळ्यांच्या गजरात, थंड हवेत धाव घेणाऱ्याचा साठा तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपतो. धावपटू त्याला "वॉल लागली" म्हणतात. मुंबईत नेमक्या याच सुमाराला ऊन वर आलेलं असतं आणि हाजी अली मागे टाकलं की परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ उभा असतो. पाय शिशाचे होतात, पोटऱ्यांत गोळे येतात. माणसाला वाटतं, आपली हिंमत संपली. संपलेली असते ती साखर.

हे कळल्यावर त्या मुलाने फार मोठं काही केलं नाही. पहिले दहा किलोमीटर मुद्दाम हळू धावायचे, हे ठरवलं. खाणं-पिणं भूक लागण्याआधी, ठरलेल्या अंतरावर घ्यायचं, हेही ठरवलं. आणि रविवारचा लाँग रन तो सपाट रस्त्यावर संपवत असे, तो बदलून शेवटचे किलोमीटर बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या चढावर आणि उन्हात ठेवले. पुढच्या वर्षी त्याला ४ तास ४१ मिनिटं लागली. साडेचारचं लक्ष्य पुन्हा हुकलं. पण या वेळी पूर्वार्ध होता २ तास १९ मिनिटांचा आणि उत्तरार्ध २ तास २२ मिनिटांचा. डब्यातल्या ग्रुपला सांगण्यासारखं यात काही नव्हतं, पण तो स्वतः समाधानी होता, कारण शर्यत शेवटपर्यंत त्याच्या हातात राहिली होती.

मोठ्या खेळाडूंनाही हा अनुभव चुकलेला नाही. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत आपल्याला ठाऊक आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिने २ तास ३८ मिनिटं ३८ सेकंदांत मॅरेथॉनचं सुवर्ण जिंकलं आणि रिओ ऑलिंपिकचं दार उघडलं. रिओत मात्र तिला २ तास ५९ मिनिटं २९ सेकंद लागली आणि क्रमांक आला १२० वा. तेवढाच आकडा वाचणाऱ्याला ते अपयश दिसेल. पूर्ण निकाल वाचणाऱ्याला आणखी काही दिसेल: त्या दिवशी १५७ जणी धावायला उभ्या होत्या आणि १३३ जणीच शेवटपर्यंत पोहोचल्या. आपल्या सर्वोत्तम वेळेच्या वीस मिनिटं मागे पडल्यावरही, जगासमोर, रेषा गाठेपर्यंत धावत राहणं याला फार मोठी ताकद लागते. तिच्या नावापुढचा तो आकडा मी नेहमी आदराने वाचतो.

थोडं आणखी मागे जाऊ. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा पाहून दोराबजी टाटांनी जो संघ पाठवायचं मनावर घेतलं, त्यात ते होते. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत १९ वे आले. त्याच शर्यतीत त्यांच्या तीन जागा पुढे, १६ वे, जपानचे शिझो कानाकुरी होते. हे कानाकुरी आठ वर्षांपूर्वी, १९१२ च्या स्टॉकहोममधल्या भयंकर उन्हात, शर्यतीच्या मध्येच कोसळले होते. वाटेतल्या एका घराने त्यांना सावरलं आणि ते आयोजकांना न कळवताच मायदेशी परतले. स्वीडनच्या लेखी ते बेपत्ताच होते. पण जपानमध्ये ते गप्प बसले नव्हते. आपण का पडलो याचा त्यांनी विचार केला. उन्हात सराव केला, पायातल्या जोड्यांत सुधारणा करत गेले. अँटवर्पच्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने तोक्यो ते हाकोने ही विद्यापीठांची रिले शर्यत सुरू झाली. ती आजही दर २ आणि ३ जानेवारीला होते आणि सारा देश ती पाहतो. जपानच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या पिढ्या त्या रस्त्यावर घडल्या.

बेळगावच्या चौगुल्यांचा एकोणिसावा क्रमांक काही कमी नव्हता. जपानचे चार धावपटू शर्यत पुरी करू शकले, त्यातले तिघे त्यांच्या मागे होते. पण त्यांच्या धावण्यातून जे शिकता आलं असतं, ते पुढच्या मुलांपर्यंत पोहोचवणारी व्यवस्था आपण उभी केली नाही. एका माणसाचं अपयश शंभरांच्या कामी येऊ शकतं. त्यासाठी ते त्याने सांगावं लागतं आणि बाकीच्यांनी ऐकून घ्यावं लागतं. म्हणूनच आपल्या गावांतले जे धावपटू रविवारी पहाटे एकत्र जमतात, त्यांनी पदकाच्या फोटोबरोबर फसलेल्या शर्यतीचेही आकडे एकमेकांना दाखवावेत. नव्याने धावू लागलेल्याला त्यातून जे मिळेल, ते कुठल्याही पुस्तकातून मिळणार नाही.

मॅरेथॉन न धावणाऱ्यालाही हे लागू आहे. दहावी-बारावीचा निकाल लागतो, नोकरीच्या मुलाखतीतून नकार येतो, धंद्यात एक वर्ष तोट्यात जातं. आपल्या घराघरांत त्या आकड्यावर एकदाच मोठ्याने बोललं जातं आणि मग तो विषय बंद होतो. मुलाला "किती पडले?" हे सगळे विचारतात. "कोणत्या प्रश्नाला वेळ कमी पडला?" हे विचारणारा क्वचित भेटतो. पहिल्या प्रश्नाने मूल मान खाली घालतं. दुसऱ्याने ते उत्तरपत्रिका समोर घेऊन बसतं.

तुमच्याही मनात असा एखादा निकाल रुतून बसला असेल. आज सकाळी कागद घ्या आणि त्याची टप्प्याटप्प्याने फोड करा. कुठपर्यंत ठीक चाललं होतं, कुठून घसरलं, त्यातलं काय आपल्या हातात होतं, हे लिहून काढा. मग हातातल्या गोष्टींपैकी एकच निवडा आणि उद्यापासून तेवढी बदला. आणि घरात कुणी असा निकाल घेऊन परतलं असेल, तर त्याला किती आणि कितवा हे आज विचारू नका. त्याच्या शेजारी बसून तो कागद लिहायला मदत करा.