उपाय नाही, हे कुणी ठरवायचं?

सासूबाईंना एक्क्याऐंशीव्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, तेव्हा घरात ऑपरेशनच्या आधी सल्लेखनेचं नाव निघालं. "वय झालंय, आता कशाला चिरफाड? धर्मध्यानात राहू देत," नात्यातले म्हणाले. मलाही पटलं. ऐकायला किती सात्त्विक वाटतं ते!

त्या रात्री मी समंतभद्राचार्यांचा ‘रत्नकरंड श्रावकाचार’ काढला. संकट, दुष्काळ, म्हातारपण, आजार, अशा वेळी सल्लेखना घ्यावी असं त्यात आहे. पण ज्यावर उपाय उरला नाही, अशाच वेळी. मी थबकले. आत्यांच्या दुखण्यावर उपाय नाही, हे आम्ही कुणाला विचारून ठरवलं होतं?

मग डॉक्टरांना विचारलं. पूर्वी पोट मधोमध उघडावं लागे. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये चार-पाच लहान छिद्रं पाडतात, कार्बन डायऑक्साइडने पोट फुगवून जागा करतात आणि आतड्याचा रोगट भाग छोट्या चिरेतून काढतात. दुखणं कमी, पेशंट लवकर उठून बसतो. 872 रुग्णांवरच्या अमेरिकेतल्या अभ्यासाचा निष्कर्ष 2004 साली प्रसिद्ध झाला. कॅन्सर उलटण्याचं प्रमाण दोन्ही पद्धतींत जवळपास सारखंच निघालं. "पण छिद्र लहान म्हणून ऑपरेशन लहान नव्हे," डॉक्टर म्हणाले. "त्या गॅसचा हृदयावर, फुप्फुसांवर ताण येतो. मी वयाचा आकडा नाही बघत. हृदय कसं आहे, माणूस चालतो-फिरतो का, ते बघतो."

सगळ्यांना विचारून झालं होतं, फक्त आत्या राहिल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "किल्ल्यातल्या कमल बस्तीत माझ्या पायांनी जाता येणार असेल तर करा. आणि समाधी कधी घ्यायची ते मी महाराजांना विचारीन. तुम्ही नका ठरवू."

मला लाज वाटली. त्याग स्वतःच्या वस्तूचा करतात. दुसऱ्याच्या आयुष्याचा त्याग आपण कसा करणार? दवाखान्याच्या खेपा, खर्च, रात्रीची जागरणं, या सगळ्याचा आमचा कंटाळा धर्माचं वस्त्र नेसून आला होता. अर्थात उलटंही तितकंच खरं. आत्या नको म्हणाल्या असत्या आणि "लोक काय म्हणतील" म्हणून आम्ही त्यांना टेबलावर चढवलं असतं, तर तीही हिंसाच.

ऑपरेशन झालं. आत्या घरी आल्या. पण ते यशस्वी झालं म्हणून आमचा निर्णय बरोबर ठरला, असं मी म्हणणार नाही. बरोबर एवढंच झालं, की उशिरा का होईना, आम्ही त्यांना विचारलं.