शंका आणि निवाडा



काही दिवसांपूर्वी एका मयताच्या घरी रात्री प्रार्थनेला गेलो होतो. प्रार्थना झाली, चहा आला आणि ओटीवर बसलेल्या मंडळींत वर्तमानपत्रातल्या एका खुनाची चर्चा सुरू झाली. श्रीमंत घर, मालमत्तेचा वाद, घरातलेच कुणीतरी असणार, वगैरे. पोलिसांचा तपास अजून चालू होता, पण आमच्या मंडळींचा पूर्ण झाला होता! एकाने मला विचारले, ''फादर, तुम्हांला काय वाटतं? कुणी केलं असेल?'' मी म्हटले, ''मला ठाऊक नाही.'' सगळ्यांची थोडी निराशा झाली. फादर सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकले आणि त्यांना एवढेही सांगता येत नाही!

घरी परतताना मला सेमिनरीतला नीतिशास्त्राचा तास आठवला. आमच्या प्राध्यापकांनी एकदा एक जुना खटला आमच्यासमोर ठेवला होता आणि तासाच्या शेवटी वर्गाचे मत घेतले होते. वर्गाने मोठ्या बहुमताने एका बाईला दोषी ठरवले. माझाही हात वर होता. प्राध्यापक एवढेच म्हणाले, ''हात वर करणे फार सोपे असते, नाही का?'' तो खटला आज तुम्हांला सांगावासा वाटतो.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात फॉल रिव्हर नावाचे शहर आहे. एकेकाळी ते कापडगिरण्यांसाठी प्रसिद्ध होते. तिथे अँड्र्यू बोर्डन नावाचे एक धनिक गृहस्थ राहत. सुरुवातीला फर्निचर आणि शवपेट्यांचा धंदा, पुढे बँकेचे अध्यक्षपद, गिरण्यांचे संचालकपद आणि भाड्याच्या इमारती. त्यांची मालमत्ता सुमारे तीन लाख डॉलर्सची होती. त्या काळात ही रक्कम प्रचंड होती. पण माणूस अतिशय काटकसरी. शहरातले श्रीमंत लोक 'द हिल' नावाच्या टेकडीवरील वस्तीत राहत, तर बोर्डन कुटुंब खाली बाजारपेठेजवळच्या साध्या घरात राहत असे. त्या घरात स्नानगृहसुद्धा नव्हते.

घरात पाच माणसे. अँड्र्यू, त्यांची दुसरी पत्नी अ‍ॅबी, पहिल्या पत्नीच्या दोन अविवाहित मुली एमा आणि लिझी, आणि ब्रिजेट सलिव्हन नावाची आयरिश कॅथोलिक मोलकरीण. आई वारली तेव्हा लिझी तीन वर्षांचीही नव्हती. अ‍ॅबीबाई त्या घरात सावत्र आई म्हणून १८६५ साली आल्या. १८८७ साली अँड्र्यूंनी अ‍ॅबीच्या सावत्र बहिणीच्या घरासाठी पैसे घातले आणि मुली बिथरल्या. बापाने त्यांची समजूत काढायला त्यांना आजोबांचे घर लिहून दिले, पण मने जुळली नाहीत. लिझीने अ‍ॅबीला 'आई' म्हणणे सोडले आणि ती 'मिसेस बोर्डन' म्हणू लागली. जेवणेही बहुधा वेगवेगळी होत. वरच्या मजल्यावर मुलींच्या आणि आईबापांच्या खोल्यांमधला दरवाजा कड्याकुलपात असे. एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायचे तर एक जिना उतरून दुसरा चढावा लागे. आणि ब्रिजेटला त्या दोघी बहिणी 'मॅगी' म्हणत. ते आधीच्या मोलकरणीचे नाव होते!

४ ऑगस्ट १८९२, गुरुवार. एमा परगावी गेली होती. सकाळी साडेनऊच्या सुमारास पाहुण्यांच्या खोलीत अ‍ॅबीबाईंचा कुऱ्हाडीने खून झाला. त्यानंतर सुमारे दीड तासाने, बाजारातून येऊन कोचावर आडवे झालेले अँड्र्यू तसेच मारले गेले. ब्रिजेट तेव्हा खिडक्या धुऊन दमून माळ्यावरच्या आपल्या खोलीत पडली होती. लिझीने तिला हाक मारून खाली बोलावले. लिझीचे म्हणणे असे, की त्या वेळी ती मागच्या कोठारात गळाला लावण्यासाठी शिशाचे तुकडे शोधत होती.

अँड्र्यूंचे मृत्युपत्र सापडले नाही. पत्नी आधी गेली, त्यामुळे तिच्या माहेरच्यांना त्यांच्या मालमत्तेत काही मिळाले नाही आणि सगळे दोन्ही मुलींकडे आले. लोकांनी हिशेब मांडला. शिवाय खुनाच्या आदल्या दिवशी लिझीने विष विकत घ्यायचा प्रयत्न केला, असे एका औषधविक्रेत्याने सांगितले. खुनानंतरच्या रविवारी तिने एक झगा चुलीत जाळला, तो रंगाने खराब झाला होता असे तिचे म्हणणे. ११ ऑगस्टला तिला अटक झाली.

पण दुसरी बाजूही ऐका. तिच्या अंगावर किंवा कपड्यांवर रक्ताचा डाग कुणी पाहिला नव्हता. नक्की कोणत्या हत्याराने खून झाला, हे सिद्ध करता आले नाही. औषधविक्रेत्याची साक्ष न्यायालयाने पुरावा म्हणून घेतली नाही, आणि वकील न देता घेतलेली तिची स्वतःची जबानीही बाजूला ठेवली. जून १८९३ मध्ये न्यू बेडफर्ड येथे खटला चालला. २० जूनला बारा ज्यूरींनी सुमारे दीड तास विचार करून तिला निर्दोष सोडले. त्यानंतर या खुनांसाठी दुसऱ्या कुणावरही खटला भरला गेला नाही. खुनी कोण हे आजतागायत सिद्ध झालेले नाही.

इथपर्यंत न्यायालयाची गोष्ट झाली. माझ्या मनात घर करून राहिली ती यापुढची गोष्ट.

लिझी आपल्या चर्चमध्ये रविवारी मुलांना धर्मशिक्षण देत असे. खटला चालू होता तेव्हा तिचे पाळक आणि चर्चमधली बरीच मंडळी तिच्या पाठीशी उभी राहिली. सुटकेनंतर मात्र वारे फिरले. ती उपासनेला आली की तिच्या जवळची बाके रिकामी राहू लागली, असे सांगतात. हळूहळू तिने चर्चला जाणे सोडले. बहिणींनी टेकडीवर मोठे घर घेतले, पण शेजार मिळाला नाही. १९०५ साली एमाही तिला सोडून गेली आणि दोघी पुन्हा एकत्र आल्या नाहीत. १ जून १९२७ रोजी लिझी वारली, आणि नऊ दिवसांनी एमा. कुटुंबाच्या एकाच जागेत सर्वांना मूठमाती दिली आहे. लिझीने मृत्युपत्रात सर्वांत आधी बापाच्या कबरीची कायम निगा राखण्यासाठी पाचशे डॉलर्स ठेवले, आणि प्राण्यांची सेवा करणाऱ्या संस्थेला तीस हजार.

लहान मुलांनी दोरीवरच्या उड्या मारताना म्हणायचे एक गाणे तिच्यावर रचले गेले. त्यात ती आईवर चाळीस आणि बापावर एकेचाळीस घाव घालते. प्रत्यक्षात अ‍ॅबीवर एकोणीसच्या आसपास आणि अँड्र्यूवर दहा-अकरा घाव होते. तोंडातोंडी एक आकडा दुप्पट झाला आणि दुसरा जवळजवळ चौपट. आपल्या गावातल्या गोष्टीही अशाच वाढतात, हे मी तुम्हांला सांगायला नको.

आता प्रश्न असा: न्यायालयाने सोडलेल्या माणसाला मनातून दोषी मानण्याचा आपल्याला अधिकार आहे का? काही जण म्हणतील, ''फादर, न्यायालय चुकते. पुरावा नाही म्हणजे गुन्हा नाही असे थोडेच?'' हे खरे आहे. ज्यूरींनी 'ही निष्पाप आहे' असे सिद्ध केले नाही. 'दोष सिद्ध झाला नाही' एवढेच त्यांनी म्हटले. सत्य त्यांच्या निकालापेक्षा वेगळे असू शकते. मग आपण काय करायचे?

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाचा बारकाईने विचार केला आहे. शंकेच्या ते तीन पायऱ्या सांगतात. क्षुल्लक कारणावरून एखाद्याच्या चांगुलपणाविषयी मनात संशय येणे, ही पहिली. ही माणसाची दुबळी बाजू आहे, ती पूर्ण टाळणे कठीण. तेवढ्याच क्षुल्लक कारणावरून त्याचा दुष्टपणा पक्का धरून चालणे, ही दुसरी. गोष्ट गंभीर असेल तर हे मोठे पाप होते. आणि नुसत्या संशयावरून न्यायाधीशाने शिक्षा देणे, ही तिसरी. हा उघड अन्याय. बोर्डन प्रकरणात न्यायालयाने तिसरी पायरी टाळली. पण शहर मात्र दुसऱ्या पायरीवरून थेट तिसरीवर गेले. न्यायालयाने न दिलेली शिक्षा त्याने चौतीस वर्षे दिली.

थॉमस पुढे म्हणतात, की वाईट माणसाला चांगले समजून आपण अनेकदा फसलो तरी चालेल, पण चांगल्या माणसाला एखाद्या वेळीही वाईट समजणे त्याहून वाईट. कारण पहिल्या चुकीत कुणावर अन्याय होत नाही, दुसरीत होतो. मात्र याचा अर्थ डोळे मिटून घ्यावेत असा नाही. उपाय करायचा असेल तर वाईटात वाईट गृहीत धरून तो करावा, असेही तेच सांगतात. म्हणजे रात्री दाराला कडी जरूर लावा, पण त्यासाठी शेजाऱ्याला चोर ठरवण्याची गरज नाही.

एक आक्षेप मला फार खरा वाटतो. लिझीची कीव करता करता आपण अ‍ॅबीला विसरत नाही ना? चौसष्ट वर्षांची ती बाई, आपल्याच घरात पाहुण्यांची खोली आवरत असताना मारली गेली. तिला न्याय कुठे मिळाला? माझे उत्तर अपुरे आहे, पण देतो. चुकीच्या माणसाला शिक्षा झाल्याने मेलेल्याला न्याय मिळत नाही. १८९३ साली, खटल्याच्या काही दिवस आधी, त्याच शहरात कुऱ्हाडीने आणखी एक खून झाला आणि एका पोर्तुगीज मजुराला अटक झाली. बोर्डन खूनही त्याचेच, असे अनेकांना वाटले. पण १८९२ साली तो अमेरिकेत आलेलाच नव्हता, असे निघाले. परका आणि गरीब माणूस किती सोयीचा असतो पाहा! अ‍ॅबीचे ऋण फेडायचे असेल तर 'आम्हांला ठाऊक नाही' हे ओझे वाहावे लागेल. आपल्यासारख्या श्रद्धावंतांना ते वाहणे थोडे सोपे असावे, कारण शेवटचा निवाडा आपल्या हाती नाही आणि तो करणाऱ्यापासून काही लपलेले नाही, असे आपण मानतो.

आता एक कबुली. माझ्या आधीच्या एका धर्मग्रामात एक म्हातारे गृहस्थ त्यांच्याच विहिरीत मृतावस्थेत सापडले. जमिनीच्या वाटणीवरून मुलाशी त्यांचे पटत नव्हते. पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली, गावाने मात्र वेगळी नोंद केली. मुलगा मिस्साला येई तेव्हा त्याच्या बाकावर कुणी बसत नसे. मी हे वेदीवरून दर रविवारी पाहत होतो. त्या वर्षी घरांना आशीर्वाद द्यायला गेलो तेव्हा त्याच्या घरी मी सर्वांत शेवटी गेलो आणि पाच मिनिटांत निघालो. त्याने खुर्ची पुढे केली होती, मी बसलो नाही. पुढे तो मिस्साला येईनासा झाला. त्या रात्री विहिरीपाशी काय झाले ते मला आजही ठाऊक नाही. पण त्या खुर्चीवर मी का बसलो नाही, ते मला पक्के ठाऊक आहे. सेमिनरीत वर केलेला हात मी अजून खाली घेतला नव्हता.

बंधुभगिनींनो, आपल्याही घरांत सातबारा, हक्कसोड, वाटणी यांवरून अबोला धरलेली भावंडे आहेत. वारसाहक्काची वाटणी करून मागणाऱ्या माणसाला प्रभूने वाटणी करून दिली नाही. सर्व प्रकारच्या लोभापासून सावध राहायला सांगितले. बोर्डन घरात कुऱ्हाड कुणी चालवली हे मला सांगता येणार नाही. पण त्याच्या कितीतरी आधी त्या घरातली जेवणे वेगळी झाली होती, नावे बदलली होती आणि दाराला दोन्हीकडून कडी पडली होती. त्यातले बरेच वेळेवर दुरुस्त करता आले असते. तेव्हा आईवडिलांनो, शक्य असेल तर हातपाय चालत आहेत तोवर मृत्युपत्र करा, आणि ते का तसे केले हे मुलांना समोर बसवून सांगा. भावाबहिणींनो, एका ताटाला नाही तरी एका टेबलाला बसा.

आणि ज्याच्याविषयी गाव कुजबुजते असा कुणी येत्या रविवारी मिस्साला आला, तर त्याच्या बाकावर जाऊन बसा. शांतिचिन्ह देताना त्याचा हात जरा घट्ट धरा. तो दोषी असेल तर तुमचे काही बिघडणार नाही. नसेल तर तो पुढच्या रविवारी पुन्हा येईल.

आपला,
प्रमुख धर्मगुरू