पितृऋण आणि एक जनुक

आकुंचन पावलेलं हृदय सैल पडतं, तेव्हाच ते पुढच्या ठोक्यासाठी रक्ताने भरतं. हे सैल पडणंही मेहनतीचं काम आहे. पेशीत सुटलेलं कॅल्शियम परत साठवणीच्या कप्प्यात खेचावं लागतं. ते खेचणाऱ्या पंपाला लगाम घालतं फॉस्फोलॅम्बन, अवघ्या ५२ अमिनो आम्लांचं प्रथिन. अ‍ॅड्रेनलिन वाढलं की लगाम ढिला होतो आणि हृदय झटपट सैलावतं.

मग लगाम काढूनच टाकला तर? १९९४ साली उंदरांमध्ये फॉस्फोलॅम्बनचं जनुक निकामी केलं, तेव्हा त्यांची हृदयं अधिक जोमाने चालू लागली. माणसांत उलटंच दिसलं: जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असलेल्यांची हृदयं तरुणपणीच थकली.

नेदरलँड्समध्ये या जनुकाची वेगळीच कहाणी आहे. प्रथिनातलं चौदावं अमिनो आम्ल, आर्जिनिन, गाळणारा बदल तिथे अनेक कुटुंबांत आढळतो. संशोधकांच्या अंदाजाने तो ५७५ ते ८२५ वर्षांपूर्वीच्या एकाच पूर्वजाकडून, बहुधा उत्तरेच्या फ्रीसलंड प्रांतातून, पसरला. काही वाहकांचा ठोका ऐन उमेदीत जीवघेणा बिघडतो, तर काही म्हातारे होईपर्यंत ठणठणीत राहतात.

याला प्रारब्ध म्हणण्याचा मोह होतो, पण ते चुकेल. प्रारब्धामागे निदान हिशेब असतो: कर्म ज्याचं, फळही त्याचंच. फ्रीसलंडच्या त्या पूर्वजाने काही केलेलं नाही, त्याच्या वंशजांनीही नाही. त्यापेक्षा वैदिक परंपरेतली ऋणाची कल्पना जवळची वाटते, कारण ऋण घेऊन जन्मणारा दोषी नसतो. फक्त पितृऋण फिटतं ते संततीने, आणि इथे प्रत्येक अपत्यात तो बदल उतरण्याची शक्यता निम्मी! फेडायला जावं, तर तेच ऋण पुढच्या पिढीच्या नावावर चढू शकतं. धर्मशास्त्राने असा ऋणको बहुधा कल्पिलाच नसावा.

हे ऋण आपल्या नावावर आहे का, ते जनुकचाचणीतून कळतं. अशा चाचणीचा निकाल जाणून घ्यायचा की नाही, हे ठरवण्याचा हक्क युनेस्कोच्या १९९७ च्या जाहीरनाम्याने प्रत्येकाला दिला. नेदरलँड्समध्ये डॉक्टर सहसा नातेवाइकांना थेट कळवत नाहीत. कुटुंबासाठीचं माहितीपत्र वाहकाच्याच हाती देतात. ते भावाला द्यावं, तर न जाणण्याचा त्याचा हक्क पाकीट फुटताच अर्धा संपतो. न द्यावं, तर बिघडलेला ठोका सावरणारा डिफिब्रिलेटर वेळीच बसवून घेण्याची त्याची संधी हुकू शकते.