माया आणि मोल

शिवण शिकायला वयाची अट नसते, नेट लागतो. चाळिशी उलटल्यावर मी पायमशीनवर बसले. आधी चाक उलटं फिरायचं, दोरा तुटायचा. हळूहळू मुंढ्याची गोलाई जमली. मग गल्लीतल्या आजींकडून गोधडीचा धावदोरा शिकले, आणि वाटू लागलं, यावरच पोट भरावं.

आजींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "गोधडी इकायची व्हय गं? ती मायेची असती."

सवाल साधा नाही. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, कडेनं टाके घालत आत आत यायचं. एका गोधडीत उन्हाळ्यातल्या कितीतरी दुपारी जातात. बायांनी हे पिढ्यान्‌पिढ्या केलं, लेकीसाठी, नातवासाठी. त्याचं मोल कुणी दिलं नाही, अन् त्याला कलाही कुणी म्हटलं नाही. शिंप्याला सदऱ्याची शिलाई देताना मात्र कुणाला माया आठवत नाही.

मला वाटतं, मोल घेतल्यानं माया आटत नाही. चार गोधड्या जास्त व्हाव्यात म्हणून टाके लांब टाकू लागलो, की आटते. पांघरणारं माणूस अनोळखी असलं तरी त्याला वाजणारी थंडी तीच असते.

एक पथ्य मात्र पाळावं. गिऱ्हाइकानं "छान कला आहे हो तुमची" म्हटलं, की जिच्याकडून टाका शिकलो तिचं नाव आधी सांगावं. आणि पैसे आले, की तिच्याही हातावर तिचा वाटा ठेवावा. ती "कशाला गं?" म्हणेल. तरी ठेवावा.