शेजारणीची चौकशी

एका रात्री इमारतीच्या लिफ्टमध्ये दोन जोडपी भेटतात. एकाच मजल्यावर राहणारी, पण तोंडओळखीच्या पुढे न गेलेली. वयानं मोठं जोडपं धाकट्याला कॉफीला घरी बोलावतं. तिथे पॉल हाउस लॅरीला पोस्टाच्या तिकिटांचा संग्रह दाखवत बसतो, आणि त्याची बायको लिलियन कॅरोलशी व्यायामाच्या गप्पा मारते. लॅरी चुळबुळत असतो. त्याला घरी जाऊन टीव्हीवर लागणारा जुना सिनेमा बघायचा असतो. त्यानंतर लगेचच लिलियन हृदयविकाराच्या झटक्यानं गेल्याचं कळतं. पुढे पॉल भेटतो तेव्हा त्याच्या वागण्याबोलण्यात दुःखाचा मागमूस नसतो. लॅरीला त्यात वावगं काही दिसत नाही. कॅरोलला दिसतं.

वुडी ॲलन यांचा 'मॅनहॅटन मर्डर मिस्टरी' (१९९३) इथून सुरू होतो. त्याचं वर्णन सहसा 'हलकाफुलका' असं केलं जातं, आणि तो आहेच तसा. कॅरोल झालेली डायन कीटन पॉलच्या पलंगाखाली लपते, तिचा चष्मा तिथेच राहतो, मग तो आणायला पुन्हा त्याच घरात घुसावं लागतं. अशा प्रसंगांवर आपण मनसोक्त हसतो. माझं म्हणणं इतकंच आहे की, या हसण्याच्या तळाशी लग्नाविषयी एक गंभीर विधान आहे आणि ते मांडायला आपल्या भाषेइतकी सोयीची भाषा दुसरी नसावी. मराठीत 'चौकशी' हा एकच शब्द दोन कामं करतो. पोलीस चौकशी करतात. आणि 'आई तुझी चौकशी करत होती' असंही आपण म्हणतो. एका वाक्यात संशय आहे, दुसऱ्यात माया. शब्द तोच, कारण कृती तीच आहे: दुसऱ्याचं काय चाललंय हे जाणून घेतल्याशिवाय चैन न पडणं.

कॅरोलच्या हेरगिरीची सुरुवात दुसऱ्या अर्थाच्या चौकशीतून होते. ती पॉलकडे जाते ती समाचाराला जावं तशी, काहीतरी गोडधोड घेऊन. त्याच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात तिला अस्थींचा कलश सापडतो. याच माणसानं आपण नवराबायकोंनी दफनासाठी शेजारी शेजारी जागा घेऊन ठेवल्याचं सांगितलं होतं. मग हे दहन कुठून आलं? इथे समाचार संपतो आणि तपास सुरू होतो. पण नीट पाहिलं तर फारसं काही बदललेलं नसतं. एक बाई गेली, तिच्यासाठी कुणी थांबलं नाही, आणि त्या इमारतीत एकटीच्या मनाला ती गोष्ट लागून राहिली. याला लॅरी भोचकपणा म्हणेल. मी सुतक म्हणेन. ज्याच्या घरात ते पाळायला हवं होतं तिथे पाळलं गेलं नाही, म्हणून समोरच्या दारात पाळलं गेलं.

लॅरी पुस्तकांचा संपादक आहे. दिवसभर तो दुसऱ्यांच्या गोष्टी वाचतो, त्यातले कच्चे दुवे शोधतो. घरी आल्यावर बायको एक गोष्ट सांगते, तर ती ऐकायची त्याची तयारी नसते. तुझं डोकं फिरलंय, आपल्याला काय करायचंय, झोप आता. एवढंच त्याचं उत्तर. मुलगा शिकायला बाहेर गेलेला. हॉकीच्या सामन्याला मी येते, ऑपेराला तू ये, अशा देवाणघेवाणीवर संसार तरलेला. भांडण नाही, व्यभिचार नाही, कंटाळ्याची तक्रारसुद्धा उघडपणे नाही. संपलेली आहे ती फक्त एकमेकांची चौकशी. कॅरोलच्या मनात एक रेस्टॉरंट काढायचं आहे, आणि त्याविषयी तिला जास्त आपुलकीनं विचारतो तो नवरा नव्हे, मित्र.

तो मित्र टेड. ॲलन अल्डा यांनी ही भूमिका इतक्या उबदारपणे केली आहे की लॅरीची बाजू घेणं अवघड जातं. नाटककार, नुकताच घटस्फोट झालेला, कॅरोलवर जुना जीव असलेला. पण तिच्या आयुष्यात तो शिरतो तो प्रेमाचं बोलून नव्हे. रात्री-बेरात्री तिचा फोन आला तरी तो तिचं पूर्ण ऐकतो, तिच्या तर्काला आपला तर्क जोडतो. तिच्यावर विश्वास ठेवतो. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या बाईला यापेक्षा मोठा मोह कोणता असू शकेल, मला सांगता यायचं नाही.

म्हणून लॅरी तपासात ओढला जातो. या ठिकाणी चित्रपट मला विलक्षण प्रामाणिक वाटतो. नवऱ्याला सत्याची ओढ लागली, शेजारणीविषयी कणव दाटून आली, असं काही तो दाखवत नाही. बायको दुसऱ्याबरोबर हेरगिरी करत फिरते आहे, आणि त्या फिरण्यात तिचा चेहरा उजळतो आहे, हे लॅरीला दिसतं. मत्सरानं तो तिच्या मागे जातो. मग मेलेली लिलियन कॅरोलला एका बसमध्ये जिवंत दिसते. दोघं माग काढत एका हॉटेलात पोचतात, तिथे तीच बाई मृतावस्थेत आढळते, पोलीस येईपर्यंत प्रेत नाहीसं होतं, आणि बंद पडलेल्या लिफ्टमध्ये तेच प्रेत पुन्हा समोर येतं. बंद जागेच्या भीतीनं लॅरीचा जीव कासावीस झालेला असतो. पण आता कॅरोल म्हणते ते त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्या लिफ्टमध्ये कितीतरी वर्षांनी दोघांचं जग एक होतं.

या कथेचं बीज बरंच जुनं होतं. 'ॲनी हॉल'च्या (१९७७) सुरुवातीच्या आराखड्यात ॲलन आणि त्यांचे सहलेखक मार्शल ब्रिकमन यांनी एक खुनाचं रहस्य गुंफलं होतं. ते बाहेर पडलं आणि उरली ती निखळ प्रेमकथा. बाजूला ठेवलेलं रहस्य दीडएक दशकानं दोघांनी पुन्हा हाती घेतलं. कॅरोलची भूमिका मिया फॅरो करणार होत्या. १९९२ मध्ये ॲलन आणि फॅरो यांची फारकत झाली ती अतिशय कडवट. दत्तक मुलीच्या लैंगिक शोषणाचा आरोप ॲलन यांच्यावर झाला. त्यांनी तो कायम नाकारला, फौजदारी खटला उभा राहिला नाही, आणि मुलांचा ताबा न्यायालयानं जून १९९३ मध्ये फॅरो यांना दिला. ऑगस्टमध्ये हा चित्रपट अमेरिकेत झळकला. तो पाहताना हे विसरावं असं मी कुणाला सांगणार नाही. मला स्वतःला ते विसरता येत नाही. बाईच्या शब्दावर विश्वास कोण ठेवतो या प्रश्नाभोवती फिरणारी ही विनोदी गोष्ट त्याच वर्षी लोकांपुढे आली, हा तिच्या इतिहासाचा भाग आहे.

फॅरो यांच्या जागी कीटन आल्या आणि चित्रपटाचा तोल बदलला. कीटन यांची कॅरोल अर्धं वाक्य बोलून थांबते, हात हवेत हलवते, मधेच दुसरीच शंका काढते. तिचा विचार शरीरातून वाहताना दिसतो. कार्लो दि पाल्मा यांचा हातात धरलेला, सतत डुलणारा कॅमेराही तिच्याच गतीनं खोल्याखोल्यांतून फिरतो, जणू तोही शेजारच्या दाराला कान लावून आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये कीटन गेल्या, तेव्हा बहुतेकांना 'ॲनी हॉल' आठवला. मला पलंगाखालची कॅरोल आठवली. 'ॲनी हॉल'मधली तरुणी प्रेमातून बाहेर पडून आपली वाट धरते. ही चाळिशी ओलांडलेली बाई संसार न सोडता आपली जिज्ञासा परत मिळवते. दुसरं काम पहिल्यापेक्षा सोपं आहे असं मला वाटत नाही.

नवराबायकोनं मिळून गुन्हा उकलण्याची परंपरा हॉलिवूडला नवी नव्हती. डॅशिएल हॅमेट यांच्या कादंबरीवरचा 'द थिन मॅन' १९३४ चा. त्यातले निक आणि नोरा आजही हवेहवेसे वाटतात. त्याची पटकथा लिहिणारे ॲल्बर्ट हॅकेट आणि फ्रान्सिस गुडरिच हे खरोखरीचे पती-पत्नी होते, ही गोष्ट त्या संवादांच्या मोकळेपणात ऐकू येते. पण निक मुळात व्यावसायिक गुप्तहेर, निवृत्त झालेला. आणि त्या दोघांचं प्रेम पहिल्या दृश्यापासून शाबूत. खुनानं त्यांच्या नात्यात काही घडत किंवा बिघडत नाही. लॅरी-कॅरोलच्या अधिक जवळचा आहे तो हिचकॉक यांचा 'रिअर विंडो' (१९५४). पाय प्लास्टरमध्ये अडकलेला जेफ लिसाशी लग्न करायला कचरतो. ती त्याच्यासमोर असते तोवर त्याचं लक्ष खिडकीबाहेर. ती जीव धोक्यात घालून समोरच्या घरात शिरते, म्हणजे त्याच्या खिडकीच्या चौकटीत जाते, तेव्हा कुठे तो तिला डोळे भरून पाहतो. ॲलन यांनी ही कल्पना जणू लग्नानंतरच्या वीस वर्षांवर नेऊन ठेवली.

चित्रपटाच्या सुरुवातीच्या भागात ही मंडळी थिएटरात 'डबल इन्डेम्निटी' बघतात: विम्याच्या पैशासाठी नवऱ्याचा काटा काढणाऱ्या बायकोची गोष्ट. शेवट होतो पॉलच्या जुन्या चित्रपटगृहात. पडद्यावर ऑर्सन वेल्स यांचा 'द लेडी फ्रॉम शांघाय' चालू असतो, त्यातला आरशांच्या दालनातला गोळीबार, जिथे नवरा-बायको एकमेकांच्या प्रतिबिंबांवर गोळ्या झाडतात. आणि पडद्यामागे, खऱ्या आरशांच्या गर्दीत, घाबरट लॅरी बायकोला सोडवायला धडपडत असतो. वेल्स यांनी आपली पत्नी रिटा हेवर्थ हिला घेऊन तो चित्रपट केला तेव्हा त्यांचाही संसार मोडत आला होता. तुटलेल्या लग्नांच्या एवढ्या काचा अंगावर पडत असताना एक साधासा संसार त्यातून सहीसलामत निघतो. मला हा शेवट केवळ सिनेमावेड्याची करामत वाटत नाही. लॅरीच्या धाडसाला त्यामुळे वजन येतं.

तरीही एक गोष्ट मला सलत राहते. लॅरी-कॅरोलचं प्रेम ज्या आगीवर पुन्हा तापलं, तिच्यात जळालं कोण? मार्शा फॉक्स ही लॅरीची लेखिका जेवणाच्या टेबलावर सगळा उलगडा करते. आधी वारली ती लिलियन नव्हे, तिच्यासारखीच दिसणारी तिची श्रीमंत बहीण. पैशाच्या लोभानं लिलियन आणि पॉलनं त्या बहिणीलाच लिलियन ठरवलं. पुढे पॉलनं लिलियनचाही काटा काढला आणि तिचं प्रेत वितळत्या धातूच्या भट्टीत टाकलं. मार्शा झालेल्या अँजेलिका ह्यूस्टन हे सगळं इतक्या झोकात सांगतात की टेबलाभोवतीच्या चौघांच्या अंगात वीज खेळू लागते. पण ज्या बहिणीची राख स्वयंपाकघरातल्या कपाटात होती, तिच्या वाट्याला मरणानंतर स्वतःचं नावसुद्धा आलं नाही. आणि लिलियन? ती कटात सामील होती, हे कळताच आपल्या मनातली तिची जागा गेली. तिच्यासाठी सुतक पाळायला निघालेली कॅरोलही एव्हाना कोडं सोडवण्याच्या आनंदात ते विसरून गेलेली असते. चौकशीचा एक अर्थ दुसऱ्याला खाऊन टाकतो.

हिचकॉकनं हा धोका ओळखला होता. 'रिअर विंडो'त एक बाई तिचं कुत्रं मारलेलं सापडतं तेव्हा फायर एस्केपवरून सगळ्या इमारतींना ऐकू जाईल असा आक्रोश करते, शेजारधर्म विसरलात म्हणून सगळ्यांना धारेवर धरते. त्या क्षणी खिडकीतून बघणाऱ्या जेफबरोबर आपणही शरमतो. ॲलन यांच्या चित्रपटात असा क्षण नाही. विनोदी चित्रपटाला तो पेलला नसता असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही, कारण तो क्षण यायला जागा तयार होती: कॅरोलच त्याची जागा होती.

मी हा चित्रपट अनेकदा पाहिला आहे. अलीकडे रहस्य उलगडण्यापेक्षा पहिल्या कॉफीच्या प्रसंगापाशी जास्त रेंगाळते. पुढे काय होणार हे ठाऊक असल्यामुळे त्यात निराळंच काही दिसू लागतं. एका सोफ्यावर तिकिटांचा संग्रह, लॅरीची चुळबुळ, पॉलचा उत्साह. आणि समोर लिलियन बोलते आहे, आणि कॅरोल ऐकते आहे.